लोकसंख्या मनोरा

लोकसंख्या मनोरा : एखाद्या प्रदेशातील लोकसंख्येची वय व लिंग यांनुसार झालेली विभागणी दाखविणारी दुहेरी आडव्या स्तंभांची आकृती. उभ्या अक्षावर बहुधा पाच वर्षांचे वयोगट खालून वर, डावीकडे पुरुष आणि उजवीकडे स्त्रिया, अशी तिची रूढ मांडणी आहे. स्तंभ टक्केवारीत काढायचे असल्यास दोन्ही बाजूंची टक्केवारी एकूण लोकसंख्येवर काढावी लागते. पुरुषांची पुरुषांवर आणि स्त्रियांची स्त्रियांवर काढली, तर दोन्ही बाजू शंभर-शंभर भरतात आणि स्त्री-पुरुष संख्येतील तफावत आकृतीतून नाहीशी होते. प्रात्यक्षिक वह्यांत ही चूक हमखास सापडते.

आकृतीचे जनकत्व सामान्यतः फ्रान्सिस वॉकर यांना दिले जाते. अमेरिकेच्या १८७० च्या जनगणनेवर आधारलेल्या आणि १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सांख्यिकीय नकाशासंग्रहात त्यांनी अशा आकृत्या छापल्या. इटलीचे लुईजी पेरोझ्झो यांनी १८८० च्या सुमारास स्वीडनच्या आकड्यांवरून काढलेली त्रिमितीय आकृती काही अभ्यासक याच परंपरेत धरतात. मात्र तीत काळ हे एक स्वतंत्र परिमाण असल्याने तिला मनोऱ्याची पूर्वसूरी म्हणण्यापेक्षा वेगळी शाखा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मनोऱ्याच्या आकारावरून लोकसंख्येचे भवितव्य वाचण्याची पद्धत मात्र वॉकर यांची नव्हे. ती स्वीडिश सांख्यिकीतज्ज्ञ गुस्ताव सुंदबेर्ग यांच्या १९०० मधील मांडणीशी जोडली जाते. १५ ते ४९ या वयोगटाचा वाटा बहुतेक समाजांत निम्म्याच्या आसपास राहतो व खरा फरक मुले आणि पन्नाशीपुढील माणसे यांच्या परस्पर प्रमाणात पडतो, हे हेरून त्यांनी वर्धिष्णू, स्थिर व क्षयिष्णू असे तीन प्रकार कल्पिले. विस्तारणारा, स्थिरावलेला व संकोचणारा मनोरा ही पाठ्यपुस्तकी त्रयी त्यावरच उभी आहे.

मनोरा जितका रेखीव दिसतो तितकी त्यामागची वये नेमकी नसतात. भारतीय जनगणनेत गेल्या वाढदिवशी पूर्ण झालेले वय नोंदवितात. प्रगणकाने दारात विचारल्यावर वृद्धेकडून ‘लिहा ना साठेक’ असे उत्तर आले, की ती नोंद ५५–५९ या स्तंभातून निसटून ६०–६४ मध्ये पडण्याचा संभव असतो. म्हणून स्थानिक घटनांच्या आधारे वय ताडण्याची रीत आहे. नागपुरात धम्मदीक्षा (१४ ऑक्टोबर १९५६) ही अशी पक्की खूण होय. ‘दीक्षेच्या वेळी मी दोन वर्षांची होती,’ असे त्याच बाईने सांगितले, तर तिचा जन्म ऑक्टोबर १९५३ ते ऑक्टोबर १९५४ या दरम्यानचा ठरतो आणि २०११ च्या जनगणनेच्या १ मार्च या संदर्भदिनी तिचे पूर्ण वय ५६ किंवा ५७ भरते, साठ नव्हे. शून्य व पाच या अंकांकडील हा ओढा मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतील एकूण व्यक्तींमध्ये २५, ३०, ३५ अशा ६० पर्यंतच्या वयांच्या व्यक्तींचे प्रमाण काढून त्याला पाचशेने गुणतात. ओढा मुळीच नसल्यास उत्तर १०० येते, सगळीच वये पाचाच्या पाढ्यात असल्यास ५००. १७५ च्या पुढील नोंदी अत्यंत ढोबळ समजल्या जातात. बाकीच्या आठ अंकांचा कल यातून कळत नाही, त्यासाठी मायर्स निर्देशांक आहे.

नागपूर परिसरातील गणनेचा इतिहास अखिल भारतीय जनगणनेहून जुना आहे. मराठेशाहीतील खानेसुमारीचा भर मुख्यतः घरांवर असे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाल्यावर १८६६ मध्ये तेथे प्रांतिक शिरगणती झाली, शेजारच्या वऱ्हाडात १८६७ मध्ये. देशातील पहिली जनगणना १८७२ ची की १८८१ ची, या वादात सर्वत्र एकाच वेळी झालेली म्हणून १८८१ च्या गणनेकडे तज्ज्ञांचा कल आहे. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर मध्य प्रांताची लोकसंख्या १९०१ मध्ये घटलेली आढळली. दुष्काळात जन्म घटतात व अर्भके दगावतात, त्यामुळे अशा गणनेत मनोऱ्याचा तळ आत ओढला जातो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा या प्रांताला जबर तडाखा बसला. तिने पाडलेली खाच पुढील प्रत्येक गणनेत दहा वर्षांनी वर सरकत गेली व आता माथ्यावरील खुल्या (वरची मर्यादा नसलेल्या) वयोगटात विरली आहे.

मनोऱ्यातूनच अवलंबित्व गुणोत्तर निघते : १५ वर्षांखालील व वृद्ध यांची संख्या भागिले कार्यशील वयातील संख्या, गुणिले शंभर. कार्यशील वयाची वरची मर्यादा कोठे ५९, कोठे ६४ धरतात. ती पाहिल्याशिवाय दोन ग्रंथांतील आकड्यांची तुलना करू नये. लिंग गुणोत्तर भारतात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया असे सांगतात, अन्यत्र बहुधा दर शंभर स्त्रियांमागे पुरुष. २०११ मध्ये नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० व लिंग गुणोत्तर ९५१ होते (२००१ मध्ये ९३२), राज्याचे ९२९. पूर्वेकडील भंडारा (९८२) व गोंदिया (९९९) या धानपट्ट्यातील जिल्ह्यांत ते आणखी वर आहे. कामासाठी नागपूरकडे येणारे पुरुष हे या फरकाचे एक कारण मानता येईल, एकमेव नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये) १.७ आढळला. तो पिढीच्या भरपाईसाठी लागणाऱ्या सुमारे २.१ या पातळीखाली असल्याने राज्याच्या मनोऱ्याचा तळ अरुंद होत जाणे अपेक्षित आहे. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे जिल्ह्याचा गणनेवर आधारलेला मनोरा अद्याप २०११ च्याच तक्त्यांवरून काढावा लागतो. पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा जाहीर झाला आहे.