कोल्हापुरातली नावाजलेली हॉटेलं

कोल्हापुरातली हॉटेलं म्हटलं की लोक थेट मिसळ नाहीतर मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर येतात, पण इथल्या हॉटेलांची गोष्ट सुरू करायची तर भाऊसिंगजी रोडवरच्या गंगाराम कांबळेंच्या चहाच्या हॉटेलापासनंच करायला पाहिजे. नाव 'सत्यसुधारक हॉटेल', आता ते राहिलेलं नाही. गंगाराम संस्थानच्या नोकरीत होते, दलित माणूस पाण्याला शिवला म्हणून त्यांना बेदम मारलं, तक्रार शाहू महाराजांपर्यंत गेली आणि महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. हॉटेल निघालं पण वरच्या जातीतलं कोणी तिथला चहा प्यायला तयार नव्हतं, तर महाराज स्वतः गाडी दारात थांबवून चहा मागवायचे, प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही द्यायला लावायचे. त्या काळात एका राजानं भर रस्त्यात हे करणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, प्रत्येक कोल्हापूरकराला हे हॉटेल माहीत असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

आता मिसळ. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, शिवाय चोरगे आणि खासबाग, ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात आणि कुठली भारी यावर घराघरात वाद. मोडाची मटकी, फरसाण, कांदा, वरनं कट म्हणजे तिखट तर्रीदार रस्सा आणि सोबत पाव नाही तर स्लाईस ब्रेड, आणि कट संपला की परत वाढतात. मिसळ हा सकाळचा खेळ आहे, त्यामुळे फडतरेला जायचं तर लवकर जावं, सुट्टीच्या दिवशी नंबर लावून थांबावं लागतं.

मटणाला लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस आणि ओपल ही जुनी नावं, देहातीचंही नाव आहे. थाळीत सुकं मटण, भाकरी किंवा चपाती, भात, आणि तांबडा-पांढरा वाटीवर वाटी. तांबडा कांदा-लसूण चटणीवर चालतो, पण स्वयंपाक्याची खरी परीक्षा पांढऱ्यात. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात तीळ, खसखस, काजूचं वाटण घालायचं आणि नारळाचं दूध अगदी शेवटी, मंद आचेवर, हलवत राहून, कारण जोरात उकळी आली की दूध फुटतं आणि रश्श्यावर गुठळ्या दिसायला लागतात. वाटी समोर आली की आधी तेवढंच बघायचं, रस्सा एकजीव आहे ना, मग घोट घ्यायचा, खाली जाताना मिरीचा हलका चटका लागला की समजायचं जमलंय.

संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ, गोडात सोळंकी आणि इम्पिरियलचं कॉकटेल आईस्क्रीम, म्हणजे आईस्क्रीम, फळं, जेली सगळं एकाच ग्लासात.

हॉटेल नाही पण सोडून चालणार नाही ते म्हणजे गंगावेशेतला दूध कट्टा. गवळी म्हशी तिथंच आणून बांधतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात, तालमीतल्या पैलवानांची ही जुनी सवय आणि रात्री जेवण झाल्यावर घरचे सगळे मिळूनसुद्धा लोक तिथं जातात.