डोकं अडतं तेव्हा नजर कुठे असते?

बुद्धिबळाच्या पटावर एक डाव मांडून ठेवला आहे. पांढऱ्याला पाच चालींत मात देता येते, तीही ओळखीच्या पद्धतीने: वजिराचा बळी द्यायचा आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने गाठायचं. मुरलेल्या खेळाडूला ही युक्ती पाहताक्षणी दिसते. त्याच पटावर तीन चालींची मातही आहे, फक्त ती तितकी प्रसिद्ध नाही. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लिओड आणि फर्नांड गोबे या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा डाव तरबेज खेळाडूंसमोर ठेवला आणि सर्वांत झटपट मात शोधायला सांगितली. भल्याभल्यांना ती सापडली नाही. मग पटावर किंचित फेरफार करून ओळखीची युक्ती बंद केली, तेव्हा तीच तीन चालींची मात खेळाडूंना बरोबर दिसली. म्हणजे कौशल्य होतं. आड येत होतं ते आधी सुचलेलं उत्तर.

प्रयोगातला खरा चटका पुढेच आहे. आपण पहिला मार्ग बाजूला ठेवून दुसरा शोधतोय, असं खेळाडू सांगत होते आणि ते खोटं बोलत नव्हते. पण डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र दाखवत होतं की त्यांची नजर पुन्हा पुन्हा जुन्या युक्तीशी संबंधित घरांवरच जात होती. शोध चालू होता, तो त्याच कोपऱ्यात.

‘मानसिकता बदला’ हा सल्ला सध्या फार स्वस्त झाला आहे. लिखाण अडलं, आराखडा सुचेना, हाताखालची माणसं ऐकेनात, प्रकल्प गाळात चाललाय, सगळ्यांवर हे एकच औषध. सल्ला खोटा नाही, अपुरा आहे. बदलायची इच्छा त्या खेळाडूंनाही होती आणि आपण बदललो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूतही होती. मन वळवल्याने नजर वळतेच असं नाही. ती वळते ती बहुधा बाहेरचं काहीतरी हलवल्यावर: पटाची मांडणी, प्रश्नाचे शब्द, बसण्याची जागा, किंवा हा प्रश्न नेमका कोणाचा आहे याबद्दलचा समज.

अब्राहम लचिन्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेले भांड्यांचे प्रयोग घरी कागदावर करून पाहण्यासारखे आहेत. तीन भांडी आहेत, त्यांत २१, १२७ आणि ३ माप पाणी मावतं. बरोबर १०० मापं पाणी काढायचं आहे. मोठं भांडं भरा, त्यातून पहिलं भांडं एकदा आणि सर्वांत लहान दोनदा भरून घ्या, १०० उरतात. लचिन्स अशी पाच-सहा गणितं ओळीने द्यायचे आणि सगळी याच रीतीने सुटायची. मग एक गणित यायचं: भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवं आहे २० माप पाणी. सरावलेली मंडळी तीच लांबलचक रीत लावून मोकळी व्हायची. खरं तर २३ मधून ३ काढले की काम झालं! आधीचा सराव नसलेल्यांना हे सहज दिसायचं. त्याहून मजेदार गणित २८, ७६ आणि ३ मापांच्या भांड्यांचं, ज्यात २५ मापं हवीत. जुन्या रीतीने ४२ येतात. २८ वजा ३ इतकं ते सोपं आहे, आणि तरीही सरावलेल्यांपैकी बरेच जण इथे चक्क अडून बसायचे. काही गटांना लचिन्स यांनी मध्येच, ‘आंधळेपणा करू नका’ असं स्वतःच्या कागदावर लिहायला लावलं. काहींना त्याचा उपयोग झाला, पण सवय पुरती सुटली नाही.

वस्तूंच्या बाबतीतही हेच घडतं. कार्ल डंकर यांनी मांडलेलं मेणबत्तीचं कोडं त्यासाठी प्रसिद्ध आहे. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली एक छोटी पेटी एवढ्या सामानात मेणबत्ती भिंतीवर बसवायची आहे. टाचण्या काढून रिकामी पेटीच भिंतीला ठोकली की मेणबत्तीला फळी मिळते. लोकांना ते सुचत नाही, कारण पेटीवर ‘टाचण्या ठेवायची वस्तू’ असा शिक्का मनात बसलेला असतो. टाचण्या सुरुवातीपासून पेटीबाहेर ठेवल्या तर तेच कोडं सोपं होतं.

१९६२ साली सॅम ग्लक्सबर्ग यांनी या कोड्याला बक्षिसाची जोड दिली. लवकर सोडवणाऱ्याला पैसे. टाचण्या पेटीत असताना बक्षिसाच्या आशेने झटणाऱ्यांना, बक्षीस नसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे साडेतीन मिनिटं जास्त लागली. टाचण्या बाहेर असताना मात्र बक्षीसवाले पुढे गेले. वाट सरळ असेल तर जोर लावून माणूस लवकर पोहोचतो. वाट चुकली असेल तर त्याच जोराने चुकीच्या दिशेला लवकर पोहोचतो. अडलेल्या माणसाला मुदत आणि बक्षीस दाखवणाऱ्या वरिष्ठांनी हा निष्कर्ष टेबलाच्या काचेखाली ठेवायला हरकत नाही.

लहान मुलांमध्ये हा शिक्का पक्का नसतो. टिम जर्मन आणि मार्गारेट डेफेटर यांनी २००० साली पाच ते सात वर्षांच्या मुलांना याच धर्तीचं पेटीचं कोडं दिलं. पेटीत वस्तू भरलेल्या पाहिल्यावर सहा-सात वर्षांची मुलं रेंगाळली. पाच वर्षांच्यांना काहीच फरक पडला नाही. अडकून पडणं हे बुद्धी कमी असल्याचं लक्षण नव्हे, शिकल्याची किंमत आहे. ‘मुलासारखे व्हा’ असा सल्ला यातून काढू नये. अनुभव हवाच, तो नसता तर पाच चालींची मातही सापडली नसती.

लेखन अडणाऱ्यांकडे वळू. माइक रोज यांनी १९८० साली दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्मे लिहिताना अडणारे, निम्मे न अडणारे. अडणाऱ्यांकडे प्रतिभा कमी होती असं काही दिसलं नाही. त्यांचे नियम कडक होते. कोणाला पहिल्याच परिच्छेदाने वाचकाला पकडलं पाहिजे असं वाटत होतं, कोणाला प्रत्येक वाक्य पहिल्या फटक्यात व्याकरणशुद्ध हवं होतं. नियम न अडणाऱ्यांकडेही होते, पण ते ‘जमलं नाही तर दुसरं काही करून पाहू’ या जातीचे. अडलेल्या माणसाने आपले नियम कागदावर उतरवून पाहावेत, असं मला या अभ्यासावरून वाटतं. मनात असताना ते निसर्गनियमासारखे भासतात, आणि लिहिल्यावर त्यांतले निम्मे तरी कधीतरी कोणा शिक्षकाने सांगितलेले निघतात.

स्फूर्तीची वाट पाहण्याबद्दल रॉबर्ट बॉइस यांचा १९८३ सालचा प्रयोग बराच निष्ठुर आहे. लेखन अडलेल्या प्राध्यापकांचे त्यांनी तीन गट केले. एकाने लिहायचंच नाही, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचं, तिसऱ्याने रोज ठरलेली पानं भरायचीच. न भरल्यास त्यांचे पैसे त्यांना न आवडणाऱ्या संस्थेला जाणार. पानं सक्तीच्या गटाची जास्त भरली यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला सर्वाधिक सुचल्या, आणि न लिहिणाऱ्यांना सर्वांत कमी.

मग ग्लक्सबर्ग आणि बॉइस एकमेकांच्या विरुद्ध बोलतात का? मला तसं वाटत नाही. बॉइस यांची सक्ती टेबलाशी बसण्याची होती, अमुक उत्तर लवकर शोधण्याची नव्हती. बसण्याला शिस्त लागते, सुचण्याला ढिलाई. ढिलाईचाही अभ्यास झाला आहे. काम बाजूला ठेवल्यावर उत्तर सुचतं का, यावरच्या ११७ अभ्यासांचा एकत्र आढावा उट ना सिओ आणि थॉमस ऑर्मरॉड यांनी २००९ साली घेतला. सुट्टीचा फायदा दिसला, पण आधी प्रश्नाशी जास्त वेळ झटापट झाली असेल तर जास्त. चालण्याचा फायदाही असाच नेमका आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत चालताना कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी वाढल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. मात्र एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांत चालणारे किंचित मागेच पडले. ढीगभर कल्पना हव्या असतील तेव्हा चालावं, त्यांतली एक निवडताना बसावं.

नेतृत्वाच्या जागेवर हा सापळा आणखी घट्ट होतो, कारण जुन्या उत्तरावर आपलं नाव कोरलेलं असतं. बॅरी स्टॉ यांनी १९७६ साली व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीच्या दोन विभागांपैकी एकाला निधी द्यायला सांगितलं. पुढे तो विभाग घसरल्याचं कळवलं आणि आणखी पैसे वाटायला दिले. पहिला निर्णय ज्यांनी स्वतः घेतला होता, त्यांनीच घसरलेल्या विभागात सर्वाधिक पैसा ओतला.

यातून बाहेर पडण्याचा एक प्रसंग उद्योगजगतात फार सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखाच आहे. १९६८ साली स्थापन झालेली इंटेल ही अमेरिकी कंपनी संगणकाच्या मेमरी चिप बनवून मोठी झाली. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी तो धंदा जवळजवळ काढून घेतला. वर्षभर नुसत्या चर्चा झाल्या. १९८५ साली कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्याधिकारी गॉर्डन मूर यांना विचारलं की आपल्याला काढून संचालक मंडळाने नवा प्रमुख आणला, तर तो काय करेल? मूर यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ग्रोव्ह म्हणाले की आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करू. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, हे यातलं विशेष. नवी माहिती शून्य, फक्त प्रश्न तिऱ्हाइताच्या तोंडी दिला. इंटेलने मायक्रोप्रोसेसरवर भर दिला आणि १९९२ पर्यंत ती जगातली सर्वांत मोठी सेमीकंडक्टर कंपनी झाली.

ही युक्ती प्रयोगशाळेतही टिकली. इगॉर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी २०१४ साली लोकांना जोडीदाराच्या प्रतारणेचा प्रसंग कल्पायला सांगितला, काहींना स्वतःचा, काहींना मित्राचा. मित्राबद्दल विचार करताना लोक जास्त शहाणे ठरले: दुसरी बाजू पाहणारे, तडजोड शोधणारे, आपल्याला सगळं माहीत नाही हे मान्य करणारे. स्वतःच्याच प्रसंगाकडे त्रयस्थपणे पाहायला लावलं तेव्हा ही दरी मिटली. साठीच्या पुढचेही स्वतःच्या बाबतीत तरुणांपेक्षा शहाणे निघाले नाहीत, हे ज्येष्ठांनी मनावर घेऊ नये.

एकट्याने त्रयस्थ होणं कठीण असतं, म्हणून भोवती बोलणारी माणसं लागतात. संशोधक एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या चमूत चुका कमी असतील ही अपेक्षा. आकडे नेमके उलटे आले. शोध घेतल्यावर दिसलं की चांगल्या चमूत चुका लपवल्या जात नव्हत्या. ज्याच्या टेबलावर फक्त चांगल्या बातम्या येतात, त्या प्रमुखाची नजर तीच चार घरं फिरत राहणार.

मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्या ‘क्षमता वाढवता येते’ या मानसिकतेबद्दल अनेकांनी ऐकलं असेल. २०१९ साली अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर तिची चाचणी प्रसिद्ध झाली. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने मागे पडलेल्या मुलांची श्रेणी चारच्या मापावर सुमारे ०.१ ने वाढली. इतक्या स्वस्त उपायाला हे वाईट नाही, पण चमत्कारही नाही. आणि फायदा जास्त दिसला तो जिथे सोबतची मुलंही आव्हान घेणारी होती तिथे.

शेवटचा प्रयोग माझा आवडता. एका विद्यापीठाच्या नव्या अध्यक्षाने सुधारणांसाठी सूचना मागवल्या, तेव्हा काहीतरी बंद करा असं सांगणाऱ्या सूचना फक्त ११ टक्के होत्या. बाकी बहुतेकांना काही ना काही वाढवायचं होतं. गॅब्रिएल अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२१ सालच्या शोधनिबंधात ही नोंद आहे. याच निबंधात लेगोच्या विटांचं एक छप्पर आहे. ते कोपऱ्यातल्या एकाच विटेवर डुगडुगतं आणि ते भक्कम करायचं आहे. जोडलेल्या प्रत्येक विटेला दहा सेंट पडतात. ती कोपऱ्यातली वीट काढली की छप्पर सरळ खाली टेकतं, फुकटात. ४१ टक्के लोकांना हे सुचलं. दुसऱ्या गटाला सूचनांमध्ये ‘विटा काढायला पैसे पडत नाहीत’ एवढं एकच वाक्य जास्त सांगितलं, तेव्हा वीट काढणारे ६१ टक्के झाले. उरलेल्यांना ते वाक्य ऐकूनही वीट काढावीशी वाटली नाही.