‘ते तर अतिक्रमणदारच होते’ : सरदार सरोवराबद्दलचा एक जुना गैरसमज

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्या आदिवासींच्या नावावर जमीनच नव्हती, मग बुडालं काय?’ हे साफ चूक आहे.

महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाच्या बुडितात आली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, सातपुड्यातली, भिल्ल-पावरांची. मणिबेली त्यांतलं पहिलं. तिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर ज्वारी-मका पिकवत होती. वनखात्याने हद्दी आखल्या, त्या नंतर. शेत ‘जंगलात’ गेलं, सातबारा निघालाच नाही, आणि कसणारा कागदोपत्री अतिक्रमणदार ठरला. हा गुन्हा शेतकऱ्याचा कसा?

राज्यांमधला नर्मदेचा पाणीतंटा सोडवणाऱ्या नर्मदा लवादाने १९७९ मध्ये जमिनीच्या बदल्यात जमीन, कुटुंबाला किमान २ हेक्टर, असं ठरवलं. पण सातबारा नसलेला माणूस त्यात बसवायचा कसा, इथेच गाडी अडली. या धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये या ‘अतिक्रमणदार’ शिक्क्यावर कडक टीका केली. पुढच्याच वर्षी बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत तर आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचं संसदेनेच मान्य केलं आहे.

आणि बुडालं ते फक्त शेत नव्हतं. मोहाची झाडं, नदीतली मासेमारी, गुरांचं चराऊ रान, मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं देऊळ. यांतलं सातबाऱ्यावर कधी काय चढलं होतं?