स्पिटहेडचे दोन फ्लीट रिव्ह्यू: 1911 आणि 1914

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेडला रांगेनं उभ्या युद्धनौका आणि राजाची ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ ही बोट. अशा छायाचित्राखाली कधी 1911 लिहिलेलं असतं, कधी 1914. राजा तोच, पंचम जॉर्ज, जागाही तीच. त्यामुळे गल्लत होते, आणि ती मला खटकते, कारण हे दोन प्रसंग मुळातच वेगळे होते.

24 जून 1911 चा फ्लीट रिव्ह्यू, म्हणजे राजानं केलेली आरमाराची पाहणी, हा राज्याभिषेकाचा सोहळा होता. दोनच दिवस आधी वेस्टमिन्स्टर ॲबीत राज्याभिषेक झाला होता. दीडशेहून जास्त ब्रिटिश युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या आणि राजाची बोट त्यांच्या रांगांमधून फिरली. परदेशी पाहुणेही आले होते: अमेरिकेची ‘डेलावेअर’, जपानची ‘कुरामा’, जर्मनीची ‘फॉन डेर टान’. याच ‘फॉन डेर टान’नं पहिल्या महायुद्धात 31 मे 1916 रोजी जटलंडच्या नाविक लढाईत ब्रिटनची ‘इंडिफॅटिगेबल’ बुडवली. हजारावर माणसं गेली. 1911 च्या छायाचित्रात तिला पाहुणी म्हणून उभी पाहताना काळजात चर्र होतं.

 

जुलै 1914 चं प्रकरण वेगळं. नेहमीच्या उन्हाळी कवायतींऐवजी राखीव खलाशांना बोलावून जुन्या जहाजांवर चढवायचं आणि सगळं आरमार खरोखर उभं राहतं का ते पाहायचं, असं ठरलं होतं. त्यामागे काटकसरीचा विचार होता. नौदलमंत्री चर्चिल यांनी हे मार्चमध्येच संसदेत सांगितलं होतं, म्हणजे साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून होऊन महायुद्धाची ठिणगी पडली त्याच्या तीन महिने आधी. ‘युद्धाची चाहूल लागली म्हणून आरमार जमवलं’ हे म्हणूनच चूक. सुमारे वीस हजार राखीव खलाशी आपापली कामं सोडून आले. 20 जुलैला राजाची बोट एका जागी थांबली आणि ताफा तिच्यासमोरून गेला. बँड वाजत होते, वर नौदलाची विमानं घिरट्या घालत होती. सगळी जहाजं पुढे सरकायला सहा तासांहून जास्त वेळ लागला.

छायाचित्र ओळखायची खूण सांगतो. ‘आयर्न ड्यूक’ ही युद्धनौका दिसली तर ते 1911 चं असूच शकत नाही; ती मार्च 1914 मध्ये आरमारात दाखल झाली. परदेशी युद्धनौका पाहुण्या म्हणून रांगेत असतील तर 1911.

पुढचे दिवस फार झपाट्याचे. 23 जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. रिव्ह्यूनंतर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बंदरात थांबलेला ताफा 27 तारखेला पांगायचा होता. आदल्या दिवशी, रविवारी, फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलाचे सर्वोच्च अधिकारी, प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग यांनी तो पांगू न देण्याचा हुकूम पाठवला. हे स्वतः जर्मन घराण्यातले, आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांचे वडील. ऑक्टोबरमध्ये त्याच जर्मन घराण्यामुळे त्यांना पद सोडावं लागलं. 29 जुलैला ताफा पोर्टलंडहून निघाला आणि त्या रात्री दिवे मालवून डोव्हरच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या स्कापा फ्लो या नौदल तळाच्या दिशेनं गेला.