'सारखे' दिसले म्हणून उपमा होत नाही : उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक

अलंकार शिकवायला घेतले की फळ्यावर सर्वांत आधी शब्दांची यादी येते. सम, समान, सारखा, वाणी, जसा, तुल्य हे शब्द दिसले की उपमा, आणि जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे हे दिसले की उत्प्रेक्षा. यादी चुकीची नाही आणि परीक्षेतले गुणही तिच्या जोरावर मिळून जातात. पण तिच्यामुळे मुले वाक्याचा अर्थ न पाहता नुसता शब्द हुडकू लागतात, आणि स्वतः लिहायची वेळ आली की 'चंद्रासारखे मुख' व 'कमळासारखे डोळे' यांच्या पुढे त्यांची लेखणी सरकत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी मुलांनी कमळ फक्त चित्रात पाहिलेले असते, काळ्या रानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा मात्र रोजच्या पाहण्यातल्या असतात.

म्हणून उपमेची सुरुवात त्या रानापासूनच करावी. 'बाबांचे तळवे काळ्या रानासारखे भेगाळले होते' या वाक्यात तळवे हे उपमेय (ज्याची तुलना केली ते), रान हे उपमान (ज्याच्याशी केली ते), भेगाळणे हा साधारण धर्म आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द आहे. तळवे वेगळे आणि रान वेगळे हे लिहिणाऱ्याला मान्य आहे. दोहोंत एक गुण समान आहे, एवढेच त्याला सांगायचे आहे. आता हे दुसरे वाक्य पाहा : 'वेचणीला आलेल्या कपाशीवर जणू रात्रीचे चांदणे सकाळी परत जायचेच विसरले होते.' येथे कपाशीची तुलना चांदण्याशी केलेली नाही. शेत पांढरे का दिसते याचे एक कल्पित कारण लेखकाने मांडले आहे, आणि ते कल्पित आहे हे त्यालाही ठाऊक आहे. उपमा साम्य दाखवते, तर उत्प्रेक्षा संभावना करते, म्हणजे 'हे तेच असावे' किंवा 'असेच घडले असावे' असे धरून चालते.

खरी अडचण येते ती 'चांदणे परत जायचे विसरल्यासारखे वाटत होते' असे लिहिल्यावर. शब्द 'सारखे' आहे, पण अलंकार उत्प्रेक्षाच राहतो. ही गफलत आजची नाही. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने, अंधार जणू अंगाला लिंपतो आहे आणि आकाश जणू काजळ बरसते आहे, अशा अर्थाची एक संस्कृत ओळ चर्चेला घेतली आहे. त्या ओळीत 'इव' (सारखे, जणू) हा शब्द आहे, आणि तो ऐकून काहींना उपमेचा भ्रम होतो, असे दंडी स्पष्ट म्हणतो. क्रियापद हे उपमान होऊ शकत नाही, हा त्याचा आधार. अंधाराची लिंपण्याशी तुलना होत नाही, अंधाराचे पसरणे हेच लिंपणे आहे अशी कल्पना मात्र करता येते.

मराठीच्या तासाला ही कसोटी फार उपयोगी पडते. 'सारखे' नामाला लागले असेल तर बहुधा उपमा समजावी, आणि 'विसरल्यासारखे', 'रुसल्यासारखी', 'थकून बसल्यासारखी' असे क्रियेला लागले असेल तर उत्प्रेक्षेची शंका घ्यावी. 'वारा प्यालेल्या वासरासारखा तो धावत सुटला' यात क्रियेचे रूप दिसत असले तरी ते वासराचे विशेषण आहे, आणि 'सारखा' वासरालाच लागला आहे; त्यामुळे ती उपमाच. हे उदाहरण मुद्दाम द्यावे, नाहीतर मुले एका यादीऐवजी दुसरी यादी पाठ करतील.

लिहिण्याच्या सरावासाठी एखादे साधे, खरे विधान द्यावे, म्हणजे मुलांना भर घालायला जागा मिळते. मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते, हे तसे एक विधान. उपमा करणारा लिहील, 'माहेरी निघालेल्या लेकीसारखी ओढीने पूर्णा तापीकडे धावते.' उत्प्रेक्षा करणारा लिहील, 'चांगदेवला आल्यावर पूर्णा जणू आपले नावच तापीच्या ओटीत टाकते.' मला दुसरे वाक्य अधिक सरस वाटते, कारण संगमानंतर पूर्णेचे नाव खरोखरच संपते आणि पुढे सुरतेकडे वाहते ती तापीच. कल्पनेला वस्तुस्थितीचा असा टेकू असला की ती ओढूनताणून आणल्यासारखी दिसत नाही. पहिल्या वाक्यात साधारण धर्म कोणता, हे मात्र विचारावेच. 'ओढीने धावणे' हे उत्तर आले नाही, तर मुलाने लेक नुसती शोभेला आणली आहे असे समजावे.

जिथे अलंकारच नाही अशी वाक्येही सोबत द्यावीत. 'भुसावळही जळगावसारखेच तापते' ही एकाच जातीच्या दोन गोष्टींची माहितीवजा तुलना झाली, त्यात चमत्कृती नसल्याने ती उपमा नव्हे. 'आज पाऊस येईल असे वाटते' हा नुसता अंदाज आहे. 'वाटते' आले तरी ती उत्प्रेक्षा ठरत नाही. आणि 'वेचणीला आलेले शेत म्हणजे चांदणेच' असे कोणी लिहिले, तर साम्यही गेले आणि संभावनाही गेली, उपमेय आणि उपमान एकच झाले. ते रूपक, आणि त्याचा तास वेगळा घ्यावा.