फर्स्ट क्लासमधली ‘बंद खोली’

‘विमानाच्या फर्स्ट क्लासमध्ये प्रत्येकाला बंद खोली मिळते’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. अनेक विमानांत सरकतं दार असतं, पण भिंती छतापर्यंत जात नाहीत. बाजूने जाणाऱ्या उंच माणसाला आतलं अंथरूण सहज दिसतं. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तर दार उघडंच ठेवावं लागतं, आणीबाणीत बाहेर पडता यावं म्हणून.

छतापर्यंतच्या भिंती एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीने २०१७ मध्ये बोइंग ७७७ मध्ये आणल्या. त्यासाठी एका रांगेतल्या चार जागांच्या तीन केल्या, म्हणजे फर्स्ट क्लासमधल्या एकूण आठाच्या सहा झाल्या! सिंगापूर एअरलाइन्सनेही त्याच वर्षी एअरबस ए३८० विमानातले १२ सुइट, म्हणजे फर्स्ट क्लासच्या छोट्या खोल्या, ६ वर आणले. फर्स्ट क्लासमध्ये मिळणाऱ्या शॅम्पेनचा खर्च त्यामानाने किरकोळ. तिकिटात पैसे मोजतो ते मुख्यतः या अडवलेल्या जागेचे.