'ब्रिमफुल ऑफ आशा': सांगलीची आशा ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर कशी गेली

फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत 'कॉर्नरशॉप' या बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' पहिल्या क्रमांकावर आलं आणि आठवडाभर तिथं टिकलं. यातली आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. त्यामुळे हे गाणं आशाताईंनीच गायलं असणार, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. गाणं त्यांच्याबद्दल आहे, आवाज तजिंदर सिंग यांचा.

आशाताईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा, तेव्हाच्या सांगली संस्थानातला. वडील मास्टर दीनानाथ, 'बलवंत संगीत मंडळी' या नाटक कंपनीचे. ते १९४२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी, दहाव्या वर्षाच्या आसपास, आशाताईंनी 'माझे बाळ'साठी पहिलं चित्रपटगीत गायलं. संगीत दत्ता डावजेकरांचं.

तजिंदर सिंग इंग्लंडातल्या पंजाबी घरात वाढलेले. त्यांच्या गाण्याचा विषय पार्श्वगायन हाच आहे: पडद्यावर ओठ हलवते नटी, गाते दुसरीच, आणि तिचा आवाज रेकॉर्डवरून घरोघरी पोचतो. गाण्यात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांचीही नावं येतात, ऑल इंडिया रेडिओ येतो, टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र) येतो. पण खरी नायिका आहे ती ४५ची तबकडी. बहुतेक नावांपुढे हा आकडा येतो, तो यासाठीच.

४५ म्हणजे मिनिटाला ४५ फेरे. १९४९ मध्ये अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने सात इंची तबकडी या वेगाची काढली. त्याआधीच्या ७८च्या तबकड्या लाखेच्या, दहा इंची, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, आणि हातातून पडली की तुकडे. नवी तबकडी व्हिनाईल या प्लास्टिकची, हलकी. मूळ अमेरिकी तबकडीचं मधलं भोक दीड इंचाचं होतं; साध्या प्लेअरवर ती लावायला मध्ये चकती बसवावी लागते. चकती नीट बसली नाही तर तबकडी मध्यातून सरकते आणि लांबवलेला सूर हेलकावे खातो. आपल्याकडे सात इंची ईपी जास्त चालल्या. त्यांवर बहुधा दोन्ही बाजूंना मिळून चार गाणी.

४५ची तबकडी लावताना वेगाचा खटका चुकून ३३ फेऱ्यांवर राहिला तर काय होतं, हे पेटीच्या भाषेत सांगता येतं. काळी चारमध्ये गायलेलं गाणं काळी दोनच्या आसपास ऐकू येतं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या खाली, आणि लयही पाव हिश्श्याने मंदावते. सूर आणि लय इथं एकमेकांना बांधलेले असतात. हे लक्षात ठेवायचं, कारण पुढची सगळी गंमत यातच आहे.

'ब्रिमफुल ऑफ आशा' पहिल्यांदा आलं ऑगस्ट १९९७ मध्ये, आणि यादीत साठाव्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. रेडिओवरच्या जॉन पील यांच्या श्रोत्यांनी मात्र वर्षाअखेरच्या त्यांच्या 'फेस्टिव्ह फिफ्टी'मध्ये, म्हणजे श्रोत्यांच्या पसंतीच्या यादीत, त्याला पहिलं स्थान दिलं. मूळ गाणं संथ आहे, गिटारच्या मोजक्या सुरांवर डुलत चालणारं. मग डीजे नॉर्मन कुक यांनी, म्हणजे 'फॅटबॉय स्लिम' यांनी, त्याचं रीमिक्स केलं. त्यांनी वेग वाढवला, पट्टी चढवली आणि ठेका जड केला. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर बरोबर एक पट्टी चढतो: पांढरी सहाची काळी पाच होते. तिथवर गायकाचा आवाज टवटवीत वाटतो. बारा टक्क्यांच्या पुढे गेलं की तोच आवाज चिरका होऊ लागतो, व्यंजनं आखडतात. कुक यांनी हे भान सोडलं नाही, म्हणून रीमिक्समध्येही तजिंदर सिंग माणसासारखेच गातात. मला स्वतःला मूळ गाणं अधिक आवडतं, पण साठावरून पहिल्या नंबरवर नेलं ते रीमिक्सने, हे निर्विवाद.

ज्या तबकड्यांचं हे गाणं कौतुक करतं, त्या सांगली-मिरजेच्या जुन्या घरांत अजून आहेत. २००५ आणि २०१९ च्या कृष्णेच्या पुरात भिजलेल्याही असतील. व्हिनाईलला पाण्याने काही होत नाही. वाट लागते ती कव्हरची आणि लेबलची. खाचांत बसलेला गाळ वाळलेल्या फडक्याने पुसू नये, तो वाळूसारखा ओरखडे पाडतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल धुवावं, लेबल कोरडं ठेवावं, साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुवावं आणि तबकडी उभी करून सावलीत वाळवावी. उन्हात ती वाकडी होते. ७८च्या तबकडीला मात्र स्पिरिट कधीच लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणं कायमचं जातं.

आशाताईंची गाणी पुढे परदेशी यादीत खरोखर पोचली ती २००५ मध्ये, 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकी गटाच्या 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'मधून. त्याची सुरुवात 'अपराध' (१९७२) मधल्या 'ऐ नौजवां है सब कुछ यहाँ'वरून घेतलेली, आणि चाल 'डॉन' (१९७८) मधल्या 'ये मेरा दिल'वर बेतलेली. दोन्ही गाणी आशाताईंची, संगीत कल्याणजी-आनंदजींचं. 'ये मेरा दिल'साठी आशाताईंना फिल्मफेअरही मिळालं होतं. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

त्याच्या श्रेयनामावलीत कल्याणजी, आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावं गीत-संगीतकारांच्या ओळीत आहेत, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पार्श्वगायिकेला त्या ओळीत जागा नसते. चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे, आणि ध्वनिमुद्रण सहसा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं. १९९८ च्या गाण्यात आशाताईंचं नाव आहे, आवाज नाही. २००५ च्या गाण्यामागे त्यांनी गाजवलेली दोन गाणी आहेत, पण गीत-संगीतकारांच्या ओळीत नाव शोधलं तर सापडत नाही.